रेग्युलेटर उघडण्याआधी गेजचा काटा पाहा

प्रश्न असा आहे. पुण्यात राहणाऱ्या एका डायव्हरकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेला स्वतःचा स्कूबा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवेचा दाब उतरवून ती श्वासासाठी देणारे साधन, आहे. त्याची फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा पहिला भाग) बॅलन्स्ड डायफ्राम प्रकारची, म्हणजे रबरी पडद्याची आणि सिलिंडर रिकामा होत गेला तरी पुढचा दाब सारखा ठेवणारी आहे, आणि तारकर्ली, नेत्राणी व अंदमानची एक फेरी मिळून त्यावर साठेक डाइव्ह झाल्या आहेत. गेल्या हंगामापासून सिलिंडर उघडल्यावर पाच-सात मिनिटांनी ऑक्टोपसमधून (तोंडात धरायच्या जादा, राखीव सेकंड स्टेजमधून) बारीक फुसफुस सुरू होते, आणि फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरवर हिरवट डाग दिसू लागला आहे. सर्व्हिसिंगसाठी रेग्युलेटर दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो, तो महिना-दीड महिना परत येत नाही आणि खर्चही बराच होतो. मग ही स्वच्छता आणि दुरुस्ती घरीच करता येईल का?

करता येईल, पण या एका प्रश्नात तीन वेगवेगळी कामे एकत्र झाली आहेत: धुणे, तपासणे आणि उघडणे. धुणे प्रत्येकाला आलेच पाहिजे. तपासणे प्रत्येकाला शिकता येते, तरी फार थोडे लोक ते शिकतात. उघडण्याच्या वाटेला मात्र ज्याला तपासता येते त्यानेच जावे, कारण उघडून पुन्हा जोडलेला रेग्युलेटर नीट झाला की बिघडला, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावेच लागते. मालवणच्या किनाऱ्यावर डायव्हिंगचे साहित्य सांभाळण्यात माझी सोळा वर्षे गेली, आणि या काळात घरी उघडलेले जे रेग्युलेटर माझ्यासमोर आले त्यांपैकी बहुतेकांत चूक हाताची नव्हती, मोजमाप न केल्याची होती.

यंत्र म्हणून रेग्युलेटर फारसा अवघड नाही. 1943 साली फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखालच्या श्वसनासाठी जो रेग्युलेटर तयार केला, त्याचे मूळ युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर चालवल्या जाणाऱ्या मोटारींसाठी बनवलेल्या व्हॉल्व्हमध्ये होते. आजची फर्स्ट स्टेजही तेच काम करते. सिलिंडरमधील सुमारे 200 बार दाब ती भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बारने अधिक, अशा पातळीवर आणून थांबवते. याला इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे मधला दाब म्हणतात. तीस मीटर खोलीवर भोवतालचा दाब 4 बार असतो, म्हणून तेथे होजमधील (दोन्ही स्टेज जोडणाऱ्या नळीतील) हवेचा एकूण दाब साडेतेरा बारच्या आसपास जातो; पण फरक तोच, साडेनऊचा राहतो. पुढे सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, हा मधला दाब श्वासागणिक भोवतालच्या दाबाइतका करून तोंडात देते. एका कठीण कडेवर एक मऊ सीट टेकते आणि हवा थांबते, मागणी आली की ती उचलली जाते आणि हवा वाहते. दोन्ही स्टेजमध्ये घडते ते एवढेच. बाकीचे सारे भाग ती सीट किती जोराने आणि किती अचूक टेकावी यासाठी आहेत.

आता तुमची तक्रार पाहू. सिलिंडर उघडताक्षणी फुसफुस होत असती, तर संशय थेट ऑक्टोपसवर गेला असता. पाच-सात मिनिटांनी ती सुरू होते, याचा अर्थ बहुधा असा की फर्स्ट स्टेजची सीट पूर्ण बंद होत नाही, तिच्यातून हवा थेंबाथेंबाने झिरपते, मधला दाब हळूहळू चढतो, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की वाढलेला दाब जिला सर्वांत आधी पेलेनासा होतो ती सेकंड स्टेज उघडते. सेकंड स्टेजची रचनाच अशी असते की मागचा दाब वाढला तर तिने हवा सोडून द्यावी. म्हणजे तुमचा ऑक्टोपस बिघडलेला नसून सुरक्षा व्हॉल्व्हचे काम इमानाने करतो आहे. अशा वेळी ऑक्टोपसचा स्क्रू आवळून आवाज बंद करणे ही मी पाहिलेली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. तिने आवाज बंद होतो, दाब मात्र चढतच राहतो.

हा तर्क बरोबर आहे की नाही, हे ठरवणारे साधन स्वस्त आहे. मधला दाब मोजण्याचे गेज 0 ते 20 किंवा 25 बार मापाचे असते आणि डायव्हरच्या तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या होजला (इन्फ्लेटर होजला) एका क्लिकमध्ये बसते. घरच्या डायव्हरने एकच साधन घ्यायचे असेल तर ते हे घ्यावे. गेज जोडावे, सिलिंडर सावकाश उघडावा, मुख्य सेकंड स्टेजचे पर्ज बटण (दाबले की हवा सोडणारे) चार-पाच वेळा दाबून सोडावे आणि काटा पाहावा. निरोगी फर्स्ट स्टेजमध्ये काटा पर्ज करताना खाली येतो, बटण सोडताच एका उडीत वर जातो आणि तेथे खिळून राहतो. तो थांबल्यावर पुढील दोन-तीन मिनिटांत 0.3 बारहून अधिक चढला, तर सीट किंवा ती जिथे टेकते ती कड खराब आहे, किंवा मध्ये कचरा अडकला आहे. येथे एक फसवणूक होते. काटा चढत-चढत एखाद्या आकड्यावर थांबतो आणि पाहणाऱ्याला वाटते की आता दाब स्थिर झाला. प्रत्यक्षात त्याच क्षणी ऑक्टोपस हवा सोडू लागलेला असतो. म्हणून काटा पाहताना कान सेकंड स्टेजकडे असावा. काटा हलत नाही आणि तरीही फुसफुस होते, असे दिसले तर मात्र दोष ऑक्टोपसच्याच सीटचा.

हीच मोजणी भरलेल्या सिलिंडरवर एकदा आणि 50 बारच्या आसपास राहिलेल्या सिलिंडरवर एकदा करावी. तुमची फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड असल्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडर रिकामा होत जातो तसा मधला दाबही उतरतो. तो दोष नव्हे, स्वभाव आहे.

गेज जोडून दाब देताना निदान एक सेकंड स्टेज लावलेली असलीच पाहिजे. नुसती फर्स्ट स्टेज आणि गेज अशी जोडणी करून सिलिंडर उघडला आणि सीट गळत असली, तर चढणाऱ्या दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि होज किंवा गेज फुटू शकते.

घरी सिलिंडर नसण्याची अडचण खरी आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये 200 बारचा सिलिंडर ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. तुमच्यासाठी सोपा मार्ग असा, की गेज सामानात ठेवावे आणि डाइव्ह सेंटरवर पोहोचल्यावर, बोटीत चढण्याआधी, त्यांच्याच सिलिंडरवर ही दहा मिनिटांची तपासणी करावी. आकडे तारखेसह वहीत लिहावेत. तीन हंगामांचे आकडे समोर असले की रेग्युलेटर कोणत्या दिशेने चालला आहे ते आपोआप कळते, आणि "वर्ष झाले म्हणून" सर्व्हिसिंग करायची की नाही, हाही निर्णय सोपा होतो. उत्पादक साधारणपणे दर वर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा शंभर डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिसिंग सांगतात, काहींची मुदत याहून लांब असते. आपल्या मॉडेलची मुदत त्याच्या पुस्तिकेत पाहावी.

हिरव्या डागाचे कारण दुसरे आहे, आणि ते धुण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. फर्स्ट स्टेजचे अंग क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचे असते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते, तोच हा हिरवा कळंक. आतल्या पितळेपर्यंत खारे पाणी पोहोचल्याशिवाय तो फिल्टरवर येत नाही. फिल्टरचा रंग बरेच काही सांगतो. हिरवा असेल तर समुद्राचे पाणी शिरले आहे, तांबूस-तपकिरी असेल तर ज्या पोलादी सिलिंडरवर तुम्ही डाइव्ह केली त्याच्या आत गंज आहे, पांढरी पूड असेल तर ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा क्षार, आणि काळा असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधून कोळशाची भुकटी किंवा तेलकट काजळी आली असण्याची शक्यता. शेवटचा प्रकार आढळला तर रेग्युलेटर बाजूला ठेवून आधी हवा कोठे भरली याचा विचार करावा.

पाणी शिरते ते तीन वाटांनी. पहिली वाट म्हणजे डस्ट कॅप, फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचे झाकण: ती ओली असतानाच लावली जाते, किंवा लावलीच जात नाही. डाइव्ह संपल्यावर सिलिंडरमधील हवेचा झोत मारून कॅप वाळवण्याची सवय सर्वत्र दिसते, पण झोत फिल्टरच्या जवळ मारला की कॅपवरचे थेंब थेट फिल्टरमध्ये ढकलले जातात; कॅप कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. दुसरी वाट, रेग्युलेटर बादलीत बुडालेला असताना पर्ज बटण दाबणे. दाब नसताना बटण दाबले की सेकंड स्टेजची सीट उचलली जाते आणि पाणी होजमधून उलट फर्स्ट स्टेजपर्यंत चढते. तिसरी वाट सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडात साचलेला थेंब, जो रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून उडवून द्यायचा असतो. बोटीवरच्या घाईत हे राहून जाते.

धुण्याची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरवर असताना, हवा चालू ठेवून, गोड्या पाण्याने धुणे. तेव्हा आत दाब असल्यामुळे पर्ज दाबला तरी पाणी आत जात नाही. किनाऱ्यावर हे जमले नाही, तर मुक्कामी पोहोचल्यावर डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावावी, कोमट पाण्याच्या बादलीत रेग्युलेटर अर्धा तास बुडवून ठेवावा, फर्स्ट स्टेजमध्ये बाहेरचे पाणी जेथे खेळते त्या छिद्रांतून आणि सेकंड स्टेजच्या माउथपीसमधून हलका नळ सोडावा, ॲडजस्टमेंट नॉब पाण्याखालीच मागेपुढे फिरवावा, आणि पर्जला हात लावू नये. नुसते वरून पाणी ओतल्याने वाळलेले मीठ निघत नाही. ते विरघळायला वेळ लागतो. बोअरवेलचे जड पाणी वापरत असाल तर शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने करावे, नाहीतर मिठाच्या जागी चुना बसतो. तारकर्लीच्या बाजूला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातली बारीक रेती सेकंड स्टेजच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (सोडलेला श्वास बाहेर जाऊ देणाऱ्या झडपेच्या) पातळ पडद्याखाली अडकते, आणि पुढच्या डाइव्हमध्ये प्रत्येक श्वासाबरोबर खारे तुषार तोंडात येतात.

आपल्याकडे पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते आणि रेग्युलेटर चार महिने कपाटात पडून राहतो. त्या काळात तो सावलीत पूर्ण वाळवून, होजना घट्ट वेटोळे न घालता, सैल पिशवीत ठेवावा. नॉब पूर्ण सैल करून ठेवावा म्हणजे सीटवर कडेचा खोल ठसा उमटत नाही. माउथपीसवर स्वच्छ फडके बांधावे. हे सांगण्याचे कारण असे, की झुरळांना माउथपीसचा बोगदा फार आवडतो, आणि एका मित्राच्या सेकंड स्टेजमधून सप्टेंबरात मी स्वतः एक काढले आहे. त्याने तोपर्यंत तोंडात घेऊन श्वास घेऊन पाहिला होता.

आता उघडण्याकडे येऊ. माझ्या मते चार गोष्टी हाताशी असल्याशिवाय पाना उचलू नये: तुमच्याच मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल आणि भागांची आकृती, त्याच मॉडेलचा मूळ सर्व्हिस किट (बदलायच्या सुट्या भागांचा संच), मधल्या दाबाचे गेज, आणि जोडल्यावर तपासायला सिलिंडर. यांतली किटची अट सर्वांत अडते, कारण अनेक उत्पादक सुटे भाग फक्त अधिकृत केंद्रांनाच देतात, तर थोडे उत्पादक थेट मालकालाही विकतात. तुमचा उत्पादक पहिल्या गटातला असेल तर किट परदेशातून मागवण्याआधी वॉरंटीचे कलम वाचावे; स्वतः उघडल्यावर ती संपते. ऑक्सिजनचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक असलेल्या मिश्रणासाठी वापरायचा रेग्युलेटर घरी उघडूच नये. आणि दुसऱ्याचा रेग्युलेटर, तो सख्ख्या भावाचा असला तरी, उघडू नये.

साध्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून जोडांत बसणाऱ्या गोल रिंग) मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कोणत्याही मोठ्या हार्डवेअरच्या बाजारात मापावर मिळतात, पण कडकपणा विचारून घ्यावा लागतो. सिलिंडरच्या तोंडाशी जिथे पूर्ण दाब येतो तेथे 90 कडकपणाची रिंग लागते, इतरत्र बहुधा 70 ची. तेच माप, तोच काळा रंग आणि चुकीचा कडकपणा असलेली रिंग दाबाखाली फटीत घुसून फुटते. सीट मात्र कोणत्याही परिस्थितीत बाजारातली चालत नाही; ती उत्पादकाचीच हवी.

हत्यारांपैकी एकाबद्दल माझा आग्रह आहे: ओ-रिंग काढायचे टोचे पितळेचे किंवा प्लास्टिकचे असावेत, पोलादी कधीही नसावेत. शिकाऊ असताना मी माझ्याच फर्स्ट स्टेजची एक चिवट रिंग दाढेच्या डॉक्टरांकडून आणलेल्या पोलादी टोच्याने काढली. रिंग निघाली, आणि तिच्या खोबणीत नखालाही जाणवणार नाही असा एक ओरखडा राहिला. त्या ओरखड्यातून हवा गळत राहिली, नवी रिंग तीनदा बदलूनही थांबली नाही, आणि शेवटी पूर्ण अंगच बदलावे लागले. दहापट मोठे दाखवणारे भिंग तेव्हापासून माझ्या टेबलावर असते. सीट ज्या कडेवर टेकते ती कड त्या भिंगाखाली अखंड, गुळगुळीत वर्तुळ दिसली पाहिजे. तिला कोणत्याही हत्याराने स्पर्श करू नये.

वंगणाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 200 बार दाबाच्या साध्या हवेतसुद्धा ऑक्सिजनचा अंशदाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, 42 बार असतो, आणि व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यावर बंद जागेत हवा एकदम दाबली जाऊन तापते. तेथे पेट्रोलियमजन्य तेल असेल तर ते पेट घेऊ शकते. व्हॅसलिन, शिलाई मशीनचे तेल, गंज सोडवण्याचा स्प्रे आणि, हो, खोबरेल तेल, यांपैकी काहीही रेग्युलेटरच्या जवळ आणू नये. मी हे चारही आत लावलेले पाहिले आहेत. उच्च दाबाच्या भागात ख्रिस्टो-ल्यूब किंवा ट्रायबोल्यूबसारखे ऑक्सिजनला चालणारे वंगण वापरावे. ते महाग वाटते, पण पाच ग्रॅम अनेक वर्षे पुरते. रिंग बोटांत फिरवली असता तिच्यावर फक्त ओली चमक दिसावी, वंगणाचा गोळा दिसला तर ते जास्त झाले. सिलिकॉन ग्रीस सिलिकॉनच्याच पडद्यांना फुगवते, म्हणून सेकंड स्टेजचा डायफ्राम आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कोरडेच बसवावेत. आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडावा.

सुरुवात सेकंड स्टेजपासून करावी, आणि पहिल्या वर्षी तेथेच थांबलात तरी हरकत नाही. पांढरा टॉवेल अंथरावा, प्रत्येक पायरीचा फोटो काढावा आणि काढलेले भाग त्याच क्रमाने मांडत जावे. झाकण काढल्यावर डायफ्राम उजेडासमोर धरून त्यात टाचणीएवढे भोक नाही ना ते पाहावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड वळलेली किंवा रेतीने धरलेली नसावी. लिव्हरची पकड सोडवून पॉपेट (सीट धरणारी छोटी दांडी) आणि स्प्रिंग बाहेर येतात; पॉपेटच्या टोकावरच्या सीटवर गोल ठसा असतोच, तो खोल खोबणीसारखा झाला असेल तर सीट बदलावी. नळीच्या आत असलेली ऑरिफिस, म्हणजे ज्या कडेवर सीट टेकते तो भाग, फिरवताना दर वेळी लिव्हर दाबून धरावा. न दाबता फिरवली तर तिची धारदार कड नव्या सीटवर घासून ती कापते. या एका सवयीने जितक्या सीट वाचतात तितक्या महागड्या हत्यारांनी वाचत नाहीत.

फर्स्ट स्टेजमध्ये आधी मधल्या दाबाचा स्क्रू सैल करून मोठ्या स्प्रिंगवरचा ताण काढावा आणि मगच मागचे झाकण उघडावे. स्प्रिंगखाली जाड डायफ्राम असतो. तो टोच्याने उचकटू नये, कडेला प्लास्टिकची पट्टी घालून किंवा हवेच्या हलक्या झोताने तो सुटतो. त्याच्याखालची छोटी पिन आणि पलीकडच्या बाजूने निघणारी उच्च दाबाची सीट, तिची बारीक स्प्रिंग आणि बॅलन्स चेंबरची इवलीशी रिंग हे भाग फार लहान असतात, आणि टेबलावरून एकदा उडाले की फरशीवर सापडत नाहीत. म्हणून हे काम मी मोठ्या परातीत करतो. फिल्टर धुऊन पुन्हा लावण्याचा मोह टाळावा; त्याच्या छिद्रांत अडकलेला कळंक निघत नाही, आणि नवा फिल्टर किटमध्ये असतोच.

पितळेचे भाग स्वच्छ करताना घरच्या पितळी भांड्यांचे ज्ञान बाजूला ठेवावे. चिंच, भांडी घासायची पावडर, राख किंवा तारेची घासणी यांनी निरांजन लख्ख होते, रेग्युलेटर मात्र ओरखड्यांनी भरतो. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या पातळ साबणाने वंगण काढावे, मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन त्यात फक्त धातूचे भाग ठेवावेत आणि दर दोन-तीन मिनिटांनी पाहत राहावे. दहा मिनिटांच्या पुढे सहसा जाऊ नये, कारण क्रोमच्या मुलाम्यात जिथे सूक्ष्म छिद्रे असतात तेथून आम्ल आत शिरून मुलामा खालून सोडवते. अल्ट्रासोनिक यंत्र असेल तर भाग वेगवेगळ्या काचेच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे ते एकमेकांवर घासत नाहीत. रबर, प्लास्टिक आणि टायटॅनियम यांना व्हिनेगरची गरज नसते, साबण पुरतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात बुडवून, आरओच्या पाण्याने दोनदा धुऊन, पूर्ण वाळवावे. आट्यांत ओल राहिली तर सहा महिन्यांत तोच हिरवा रंग परत येतो.

जोडताना आटे आधी बोटांनी बसवावेत. बोटांनी तीन फेरे सहज जात नसतील तर पाना लावायचा नाही, मागे घेऊन पुन्हा सुरू करायचे. आवळण्याचे माप मॅन्युअलमध्ये असते आणि ते पाळण्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, हवा. होजच्या जोडाला सुमारे साडेचार न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे अंगठा आणि दोन बोटांच्या जोरापेक्षा थोडे अधिक. याहून जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, रिंग चिरडते. होज मागे-पुढे वाकवून मुळाशी चिरा पाहाव्यात. विणलेल्या आवरणाच्या होज बाहेरून चांगल्या दिसतात, पण काहींमध्ये आतले पॉलियुरेथेनचे अस्तर कालांतराने स्फटिकासारखे कडक होऊन हवेचा मार्ग अडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने त्याबद्दल इशाराही दिला होता. पाच वर्षांनंतर त्या बदलाव्यात, असे माझे मत आहे.

मधल्या दाबाचा स्क्रू सुरुवातीला सैलच ठेवून, सेकंड स्टेज आणि गेज लावून, सिलिंडर उघडावा. काटा सात-आठ बारवर दिसला की फेऱ्याच्या आठव्या भागाने स्क्रू आवळत जावे, दर वेळी पर्ज करून काटा स्थिर होऊ द्यावा, आणि मॅन्युअलमधला आकडा आला की थांबावे. मग वीस-तीस वेळा पर्ज करून पुन्हा पाहावे. नव्या सीटवर कडेचा ठसा उमटेपर्यंत आकडा थोडा सरकतो, म्हणून दाब तासभर ठेवून आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजावे. यानंतरच सेकंड स्टेजची जुळणी करायची: ऑरिफिस फुसफुस थांबेपर्यंत आत आणि त्यापुढे फेऱ्याचा आठवा भाग. लिव्हर डायफ्रामला जेमतेम टेकलेला असावा. हलवल्यावर खुळखुळला तर तो खाली आहे, आणि झाकण लावताच हवा सुटली तर वर आहे.

श्वास घ्यायला किती ओढ लागते ते पाण्याच्या घमेल्यात मोजता येते. सेकंड स्टेज, माउथपीस वर आणि पर्जचे बटण खाली, अशी आडवी धरून पाण्यात सावकाश उतरवावी. हवा सुटू लागली त्या क्षणी पाण्याच्या पृष्ठभागापासून डायफ्राम जितका खोल असेल तितकी ओढ. मुख्य सेकंड स्टेजला अडीच ते साडेतीन सेंटिमीटर, ऑक्टोपसला चार-पाच. एक सेंटिमीटरवर सुटणारा रेग्युलेटर टेबलावर झकास वाटतो, पण पाण्यात उडी मारताच त्यातून हवा सुटत राहते. शेवटची तपासणी हवेशिवायची: डस्ट कॅप लावून माउथपीसमधून हलका श्वास ओढावा. हवा अजिबात येऊ नये. आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, डायफ्राम किंवा माउथपीसची पट्टी यांपैकी काहीतरी गळते, आणि त्या वाटेने पाणी येणार. मग पूर्ण रेग्युलेटर दाबाखाली बादलीत बुडवून पाच मिनिटे बुडबुडे पाहावेत. फर्स्ट स्टेजच्या छिद्रांतून सतत बुडबुडे येत असतील तर डायफ्राम नीट बसलेला नाही, आणि सारे पुन्हा उघडावे लागेल.

अशा रेग्युलेटरची पहिली डाइव्ह पोहण्याच्या तलावात किंवा पाच-सहा मीटरच्या पाण्यात, जोडीदाराकडे तपासलेला ऑक्टोपस असताना करावी. नेत्राणीच्या खोल पाण्यात नव्हे.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. या पावसाळ्यात काहीही न उघडता रेग्युलेटर कोमट पाण्यात बुडवून धुवावा, आणि गेज मागवावे. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर तीन आकडे घ्यावेत: भरलेल्या सिलिंडरवर काटा थांबतो तो, पाच मिनिटांनी दिसतो तो, आणि 50 बारवरचा. काटा चढत असेल तर ती डाइव्ह भाड्याच्या रेग्युलेटरवर करावी. फिल्टर हिरवा असल्यामुळे आतही मीठ असणार, म्हणून या खेपेला तो केंद्रातच पाठवावा, मात्र सोबत हे तीन आकडे लिहून द्यावेत आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. त्या जुन्या सीटवरचा ठसा भिंगाखाली पाहिलात की पुढल्या वेळी उघडताना नेमके काय शोधायचे ते तुम्हाला ठाऊक असेल.